सिंगापूर ते नेवार्क, न थांबता

सप्टेंबरच्या शेवटी आईला घेऊन सिंगापूरहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला थेट विमानानं गेले. अंतर सुमारे 15,340 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 च्या आसपास धरला तर सतरा तास होतात, पण तिकिटावर साडेअठराच्या वर होते. वेळ नेमका कुठे जातो ते समोरच्या स्क्रीनवरच्या नकाशानं दाखवलं.

सिंगापूर 104 पूर्व रेखांशावर, नेवार्क 74 पश्चिमेला. म्हणजे पृथ्वीच्या अगदी दोन बाजूंना, आणि सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला जवळजवळ शिवून जाणारी. आमचं विमान तिकडे गेलंच नाही. जपानच्या अंगानं वर जाऊन त्यानं पॅसिफिक धरला, कारण तिथे पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोराचा वारा, पाठीशी मिळतो. मध्यावर वेग 1,060 दिसत होता. वाट लांबली, पण वाऱ्यानं भरून काढली. हा मार्ग वाऱ्यानुसार रोज बदलतो, म्हणून पुढचं विमान मिनिटं मोजून घेऊ नका.

आम्ही बुधवारी रात्री साडेअकराला निघालो आणि गुरुवारी सकाळी सहाला उतरलो. उन्हाळी वेळेत दोन्ही ठिकाणांत बरोबर बारा तासांचा फरक असतो, त्यामुळे आईच्या मनगटावरचं काट्यांचं घड्याळ हलवावंच लागलं नाही! (हिवाळ्यात फरक तेराचा होतो.) या एका प्रवासात दोन रात्री येतात, मध्ये जेमतेम सहा तासांचा दिवस. मी पहिल्याच रात्री गाढ झोपले आणि दुसरी रात्र टक्क जागी राहिले. ती चूक करू नका. पहिल्या रात्री एखादी डुलकी घ्या, खरी झोप दुसऱ्या रात्रीसाठी ठेवा, कारण उतरल्यावर पूर्ण दिवस समोर असतो.

या मार्गावरच्या सिंगापूर एअरलाइन्सच्या ए350-900 यूएलआर (अति लांब पल्ल्याच्या) विमानात इकॉनॉमी नाहीच. 67 बिझनेस आणि 94 प्रीमियम इकॉनॉमी सीट आहेत. तिकीट महाग पडतं. पैसे वाचवायचे तर कुठेतरी थांबून जाणारं विमान बघा, पण ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर मी थेटच घेईन. आयल सीट (चालण्याच्या वाटेलगतची) मागून घ्या. दर दोन तासांनी आईला मागच्या गॅलीपर्यंत (विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत) चालवत होते, तरी पाय सुजून उतरताना तिच्या बुटाची नाडी पूर्ण सैल करावी लागली. घट्ट मोजे निघण्यापूर्वीच घालायला हवे होते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

पुढे अमेरिकेतच दुसरं विमान असेल तर इमिग्रेशननंतर बॅगा स्वतः उचलून, कस्टम्स करून पुन्हा द्याव्या लागतात. निदान तीन तास ठेवा. आणि ते विमान नेवार्कहूनच आहे ना, हे बघा. जेएफके हा न्यूयॉर्कचा दुसरा विमानतळ हडसन नदीच्या पलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.