तुम्ही विचारलंत म्हणून: मोठी गाडी कधी घेताय?

सोसायटीच्या गेटवर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, परवा तर एका हळदीत, हातात जेवणाचं ताट असताना. "अजून चारशे अकराच? मोठी कधी घेताय?" चारशे अकरा म्हणजे माझी रॉयल एन्फील्ड हिमालयन, ४११ सीसीची मोटारसायकल. लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलाला विचारावं तसं विचारतात.

दोष माझाच. २०२१पासून मीच गावभर सांगत सुटलो होतो. हिमालयन चांगली आहे हो, पण ताकद २४ बीएचपी आणि वजन १९९ किलो. कसारा घाटात मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा, पुढे ट्रक. तिसऱ्यावर आणली तरी ओव्हरटेकला घाम फुटतो. साडेचारशे सीसीची नवी हिमालयन येतेय, लिक्विड कूल्ड, सहा गियर, मग बघा. लपवलेल्या टेस्ट गाडीचे धूसर फोटो मी लोकांना झूम करून दाखवायचो. सायलेन्सरचं तोंड कुठल्या बाजूला आहे यावर आमच्या चहाच्या टपरीवर अर्धा-अर्धा तास वाद व्हायचा.

तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाबा रे, एवढी ताकद नेणार कुठे? पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. अटल सेतूवर बंदी. समृद्धीवर बंदी. जिथे सहावा गियर पडेल त्या रस्त्यांवर आपल्याला घेतच नाहीत, आणि जिथे घेतात त्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर सकाळी नऊला कासारवडवलीहून माजिवड्याला येऊन दाखवा. दुसऱ्याच्या वर गियर पडला तर चहा माझ्याकडून.

हे ऐकलं की लोक म्हणतात, म्हणजे द्राक्षं आंबट. असतीलही. पण मोठी न घेण्याचं खरं कारण हे नाहीच.

२०२३चा जून. मागचा टायर संपला होता. पंक्चरवाल्याने खाचेत नख घालून दाखवलं. नख आत जायच्या आधीच टेकलं. "साहेब, पावसाआधी बदला." मी म्हणालो, दिवाळीच्या आसपास नवी येतेय, ही विकायचीच आहे. घेणारा स्वतःच्या पसंतीचा टायर टाकेल. तीन-साडेतीन हजार कशाला घालवायचे? चेनही तशीच सैल, ब्रेक पॅड तसेच. वर्षभर मी त्या गाडीकडे भाडेकरूसारखं बघत होतो. सोडायचंच घर, मग खिळा तरी का ठोका?

जुलैच्या दुसऱ्या रविवारी वसईहून, हिच्या माहेरून परत येत होतो. पाऊस रिमझिम, जोराचा नाहीच. घोडबंदर रोडला फाउंटन हॉटेलवरून वर चढलो आणि गायमुखचा उतार लागला. पुढे कंटेनर, माझा वेग तीस-पस्तीस. वळणावर मी गियर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकला, क्लच जरा घाईने सोडला. मागचं चाक सरकलं. एबीएस होतं, पण ते ब्रेकसाठी. इंजिनाने अडवलेलं चाक घसरतं तेव्हा ते काय करणार? गाडी डावीकडे आडवी झाली, मी तिच्याबरोबर, आणि ही माझ्यावरून उजव्या हातावर.

आवाज फार झाला नाही. मागच्या टेम्पोवाल्याने गाडी आडवी लावून ट्रॅफिक थांबवलं, हिला कडेला बसवलं. ही उजवा हात डाव्या हातात धरून बसली होती, लहान बाळ धरावं तशी. रडत नव्हती. मला विचारलं, "तुला लागलं का?" मला गुडघ्याला खरचटलं होतं. मी गाडी उचलली, आणि खरं सांगतो, पहिली नजर टाकीला पोचा पडलाय का तिकडे गेली. रीसेल. तिने ती नजर पाहिली की नाही, मी आजतागायत विचारलेलं नाही.

मनगटात प्लेट बसली. प्लेट बसली, हाड जुळलं, पण मनगट पूर्ण वळत नाही. ही रोज स्कूटीने शाळेत शिकवायला जायची, पंधरा वर्षं. अ‍ॅक्सिलरेटर पिळताना कळ येते म्हणून ती स्कूटी पुढच्या गुढीपाडव्याला विकली. आता रिक्षा, नाहीतर मी सोडतो. याच गाडीवर.

२०२३च्याच नोव्हेंबरला साडेचारशे आली. ४५२ सीसी, ४० बीएचपी. हिला न सांगता टेस्ट राइडला गेलो. लाज वाटली, पण काय सांगू, तिसऱ्यात पिळली तेव्हा हसू दाबता आलं नाही. अप्रतिम गाडी. तरी घेतली नाही. ऑपरेशनचा खर्च झालाय, असं मित्रांना सांगितलं. मग म्हणालो, ट्विनची, म्हणजे दोन सिलिंडरच्या हिमालयनची वाट बघतोय, एन्फील्डच्याच इंटरसेप्टरमधलं ६४८ सीसीचं इंजिन हिमालयनला बसलं तर मजा. मग सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी लागला, तेव्हा तर कारण आयतंच मिळालं. प्रत्येक कारण अर्धं खरं आहे.

"मोठी असती तर पडलाच नसता," असं एकाने तोंडावर सांगितलं. पस्तीसच्या वेगात, गुळगुळीत टायरवर? पण मी त्याच्यावर एवढा का चिडलो, तेही मला कळतं. चोवीसची चाळीस केली असती तरी टायर मी तसाच ठेवला असता. पुढच्या मॉडेलची वाट बघत.

आणि हो, ट्विनचे व्हिडिओ अजूनही बघतो. रात्री, आवाज बंद करून. परवा ही मागून डोकावली. "ही किती उंच आहे रे?" म्हटलं, अजून आली नाहीये. "हं," म्हणाली आणि झोपायला गेली. या "हं"चा अर्थ लावण्यात चार दिवस गेले.

शनिवारी चेन-स्प्रॉकेट बदलायला टाकलं. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, मोठी येतेय म्हणतात. मग हिच्यावर कशाला घालवता?"

म्हटलं, "तू टाक. आणि मागचा टायर पण बघ."