बँकॉकचं मार्केट आणि माझी पक्की शाकाहारी आई: माझा अनुभव

बँकॉकला निघालेले आपले शाकाहारी लोक बॅगेत ठेपले, चिवडा, मॅगीची पाकिटं भरतात आणि तिथे भारतीय हॉटेलात पनीर खाऊन परत येतात, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मे महिन्यात तिथल्या मार्केटमध्ये जे मिळतं ना ते न खाता यायचं म्हणजे काय! आमची आई अंडंसुद्धा खात नाही, तिला घेऊन गेलेले आणि ती पोटभर जेवली, म्हणून सविस्तर लिहितेय.

मार्केट निवडताना मी ऑर टॉर कॉर नक्की केलं. दुसरं ख्लोंग टोई मार्केट खूप मोठं आहे, स्वस्तही आहे, पण तिथे जमीन ओली, मासे-मटणाच्या गल्लीतूनच वाट काढायची, आणि आईचे गुडघे दुखतात. ऑर टॉर कॉर शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी संस्थेचं मार्केट आहे, वर छप्पर, खाली कोरडी फरशी, आणि मेट्रोच्या कांफेंग फेट स्टेशनच्या ३ नंबरच्या एक्झिटमधून वर आलं की लगेच मार्केटच. भाव इतर मार्केटपेक्षा जास्त आहेत हे आधीच सांगते, पण माल बघितला की पटतं. पाट्यांवर किलोचे भाव लिहिलेले असतात, आम्ही घासाघीस केली नाही, बाई कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची आणि आम्ही नोटा द्यायचो.

खरा प्रश्न जेवणाचा. थाई जेवणात नाम प्ला म्हणजे आंबवलेल्या माशाचं पाणी जवळजवळ सगळीकडे असतं, आणि करीच्या वाटणात बहुतेक वेळा कपी असते, ती जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची. त्यामुळे नुसतं 'व्हेज' म्हणून चालत नाही, ताटात भाज्याच दिसतात पण आत मासा असतो. पपईच्या सॅलडमध्येसुद्धा सुकी कोळंबी घालतात. तिथे कामाला येतो तो 'जे' हा शब्द. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखं दिसतं, ते दिसलं की बिनधास्त खायचं, कारण 'जे' म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही आणि वर कांदा-लसूणपण नाही! आई चातुर्मासात कांदा-लसूण सोडते, तिला हे ऐकूनच एकदम धीर आला, म्हणाली "म्हणजे यांच्यातपण आहे की हे." मी 'किन जे' म्हणजे 'जे' जेवण खातो आणि 'माय साय नाम प्ला' म्हणजे माशाचं पाणी घालू नका, एवढं घोकून गेलेले आणि थाई लिपीत फोनवर सेव्हपण केलेलं, लोक फोन वाचून मान डोलवायचे आणि नसेल तर सरळ नाही म्हणायचे, उगाच गळ्यात मारायचा प्रकार कुठे दिसला नाही.

खाण्याच्या बाजूला 'जे'च्या पाटीचा स्टॉल मिळाला, पण तिथल्या ट्रेमध्ये हुबेहूब मटणाचे तुकडे! आई दोन पावलं मागे. ते गव्हाच्या ग्लुटेनचं आणि सोयाचं असतं, मी परत फोन दाखवून बाईंकडून खात्री करून घेतली तरी आईच्या मनाला पटेना, मग तिने टोफू, मशरूम आणि पालेभाजीवर भात घेतला आणि चवीने खाल्ला.

गोडाला तर काही अडचणच नाही. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, वर भाजलेली मूगडाळ. तिथला नाम डॉक माय आंबा लांबट, रेषा अजिबात नाही, पण हापूसचा वास त्याला नाही हे मी रत्नागिरीची म्हणून सांगणारच. खनोम क्रोक आपल्या आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात करतात, तांदळाचं पीठ नि नारळाचं दूध, वरून कांद्याची पात किंवा मका, आईने उभं राहून ते सगळं नीट बघून घेतलं.

आणि फळं! मँगोस्टीन आपल्या कोकमाच्याच कुळातलं, दोन्ही गार्सिनिया. खाली बुडाला फुलासारख्या पाकळ्या असतात, जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी, आईने फळ उघडायच्या आधी मोजल्या आणि बरोब्बर निघाल्या! जास्त पाकळ्यांचं घ्यायचं कारण बारीक फोडींत बी नसते. साल दाबून बघायची, थोडी दबली पाहिजे, दगडासारखी कडक असेल तर शिळं. जांबपण होते, आजोळी अंगणात झाड होतं त्यामुळे आईने ते घेतलेच.

ड्युरियन म्हणजे फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ, त्याच्या ओळीत दुकानदार काठीने टकटक करून आवाजावरून फळ पिकलंय का ओळखतात. अख्खं फळ सालीसकट तोलतात, म्हणून दोघींसाठी गऱ्यांचं पॅकेट बरं. आम्ही मोनथाँग जातीचा घेतला, गोड, तुपकट, मागून कांद्याचा वास. आईने एका घासात पुरे म्हटलं, मला फार आवडला. तो मेट्रोत नेता येत नाही आणि हॉटेलातही नाही, मँगोस्टीनलापण आमच्या हॉटेलात बंदी होती कारण सालीचा डाग चादरीवरून निघत नाही, म्हणून सगळं तिथेच बसून संपवायचं.

शनिवार-रविवारी समोर चतुचकचा बाजार भरतो, तुफान गर्दी असते, त्यामुळे मधल्या वारी सकाळी लवकर जा. २० आणि १०० बाथच्या नोटा जास्त ठेवा, ओले टिश्यू न्या, आणि हॉटेलचा ब्रेकफास्ट करून अजिबात जाऊ नका.