पाडव्याआधी गच्चीवर

फाल्गुन वद्य, रविवार रात्र

सोलापूरच्या वाट्याला वसंत येतो तो होळी ते पाडवा एवढाच. त्याआधी पहाटे अंगावर चादर लागते, आणि पाडवा उलटला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जाऊन बसतो. झाडांचं जे काही करायचं ते या मधल्या दिवसांतच करून घ्यावं लागतं, आणि मला वर्षातले हेच दिवस सगळ्यात प्रिय आहेत. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला तांबूस पालवी फुटलीय. ऊन कललं की आम्ही चौघी आमच्या गच्चीवर जमतो: बाई, त्यांची नवी सून, शेजारच्या अक्का आणि मी. बाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण गल्लीला त्या अजून बाईच.

अक्का जिना चढता चढताच विचारतात, "पाणी आलं का ओ तुमच्याकडं?" इथे हा रामराम असतो. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे माणसांच्या पाण्यातून कुंड्यांचा वाटा कसा काढायचा यावर आमच्या निम्म्या गप्पा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना, हे सगळ्याच करतात. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र मी कुंडीत घालू देत नाही; त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. बोअरच्या पाण्यानेच कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. तो खरवडून टाकायचा आणि नळाचं पाणी आलं की एकदा कुंडी भरभरून खालून पाणी जाऊ द्यायचं, म्हणजे क्षार धुऊन निघतात. बाईंनी लिंबाच्या ड्रममध्ये बुंध्यापासून थोडं लांब एक भाजलेल्या मातीचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय, वर झाकण. मडकं झिरपत राहतं आणि मुळांना थेट ओल मिळते. वरून पाणी ओतलं की अर्धं उन्हालाच जातं, म्हणून ही रीत मला फार पटते.

अक्कांकडून शिकले ते आच्छादन. त्या वर्षानुवर्षं घरी विड्या वळतात. तेंदूची पानं कात्रीने बेतून घेतली की कडेचं कात्रण उरतं. तंबाखू न लागलेलं ते कात्रण त्या पिशवीत भरून आणतात आणि आम्ही ते कुंड्यांत पसरतो. पान जाड असतं, लवकर कुजत नाही, माती झाकून ठेवते. काल मी मोगऱ्याच्या कुंडीत कात्रणाखाली बोट घातलं तर दुपारी चारलाही माती गार होती.

मोगऱ्याबद्दल आमच्या घरचा नियम सासूबाईंचा आहे: गड्डा संपला की छाटायचा. गड्डा म्हणजे संक्रांतीला होणारी सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वज निघतात, मग होम मैदानावरची गर्दी ओसरली की त्या कात्री मागतात. सगळी पानं काढून टाकायची, फांद्या आखूड करायच्या, काही दिवस पाणी तोडायचं आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी. आता प्रत्येक शेंड्याला कळ्यांचे झुबके आहेत. सासूबाईंना हल्ली जिना चढवत नाही. मी संध्याकाळी कळ्या खाली नेऊन देते, त्या पलंगावर बसून गजरा ओवतात आणि रोज न चुकता म्हणतात, "या वर्षी कळी टपोरी आहे." गेल्या वर्षीही टपोरीच होती. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मला दर वर्षी आवडतं.

आज अक्का जरा खट्टू होत्या. त्यांच्या मुलाने भिवंडीला कामाला जाण्याआधी ड्रममध्ये भगवा जातीच्या डाळिंबाचं रोप लावून दिलं होतं. यंदा फुलं भरपूर आली, पण रोज सकाळी खाली लाल सडा. "झाड धरत नाही ओ," म्हणाल्या. मी त्यांच्या गच्चीवर जाऊन फुलं उलटी करून दाखवली. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. बुडाशी निमुळती असतात ती नर, ती गळणारच. बुडाशी फुगीर असतात त्यांतून फळ होतं. पानांत लपलेली तशी पाच-सहा फुलं होती. अक्कांनी एकेकाला बोट लावून पाहिलं. मग त्यांचा खरा प्रश्न आला: पाडव्याला पोरगा येतोय, तोवर काही दिसेल का? फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात, तेव्हा पाडव्याला फार तर गाठीएवढं दिसेल. खायचं फळ गणपतीच्या सुमारास. अक्का गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग गणपतीला परत बोलवते की." डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या केगावला आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण अक्कांना फुलं ओळखता आली याचा आनंद मला वेगळाच झाला.

बाईंची सून कोकणातली, रत्नागिरीकडची. लग्न होऊन आली ती हिवाळ्यात, आणि आता हे ऊन तिच्या अंगावर येतंय. बाई मला एकटीला म्हणाल्या होत्या, "अगं, तिचं मन लागत नाहीये. विचारलं तर सगळं छान आहे म्हणते." तिने माहेरून अबोलीचं रोप आणलं होतं, ते दक्षिणेच्या कठड्यावर ठेवलेलं, त्याची पानं कडेने करपली. अक्कांनी रोप बघितलं आणि काही न विचारता उचलून पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला नेऊन ठेवलं. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. तेलुगू घरांत अबोलीशिवाय वेणी होत नाही, त्यामुळे अक्कांपुढे या विषयात आम्ही कोणी बोलायचं नाही.

आज त्या स्वतःच्या अबोलीचे वाळलेले तुरे पदरात घेऊन आल्या. पितळी परात मागितली, तुरे मध्ये ठेवले आणि वर चूळभर पाणी शिंपडलं. थोडा वेळ काहीच नाही. मग टिक. मग टिक, टिक, टिक. अबोलीची बोंडं ओल लागली की तडकतात आणि बी लांब उडतं. एक माझ्या चष्म्यावर आपटलं, एक बाईंच्या मांडीवर. सून परातीवर वाकलेली होती, एकदम जोरात हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे पहिला पाऊस पडला की अंगणात अस्संच होतं!" आणि मग तिला थांबवता येईना. आजीचं अंगण, तिथली विहीर, पावसाळ्यात भिंतीला येणारं शेवाळ, लहान भाऊ बोंडं तोंडात धरून फोडायचा ते. बाई तिच्याकडे बघत होत्या. मी मुद्दाम मध्ये काही बोलले नाही.

चपट्या तपकिरी बिया सगळ्यांनी मिळून वेचल्या. विड्या वळणारी अक्कांची बोटं यातही आमच्या दुप्पट चालतात. शेणखत-माती-कोकोपीटच्या ट्रेमध्ये पेरल्यात, वर पातळ थर. उगवायला दोन-तीन आठवडे लागतील, कधी जास्तही. बाजारात दिल्ली अबोली म्हणून मिळते ती बी धरत नाही, फांदीवरून करावी लागते. त्यामुळे असं बी देणारं घरचं झाड ज्याच्याकडे आहे त्याच्याशी मैत्री टिकवावी.

अंधार पडायच्या बेताला लेक वर आली. दहावीचे पेपर चालू आहेत, परवा भूमितीचा. दिवसभर पुस्तकात असते, पण दोडक्याची वेळ ती चुकवत नाही. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. इतक्या वर गच्चीवर पाखरं-पतंग कमी फिरकतात, म्हणून परागीभवन हाताने करायचं. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ज्याच्या मागे बोटभर दोडका दिसतो त्या मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचं. तिने चार फुलं केली, प्रत्येकाच्या देठाला लोकरीचा धागा बांधला आणि खाली अभ्यासाला गेली. पेपर कसा जाईल याची मला तिच्यापेक्षा जास्त काळजी आहे, पण त्या दहा मिनिटांत तिचा चेहरा सैल पडतो हे मी रोज बघते. "गच्चीवर वेळ घालवते," असं तिच्या आत्याने फोनवर ऐकवलं, ते मला अजिबात पटलेलं नाही.

जाताना पाडव्याचं ठरलं. आमची गुढी आणि अक्कांचा उगादी एकाच दिवशी. कडुनिंबाचा मोहोर त्या पहाटे झाडाखाली धुतलेलं पातळ पसरून गोळा करणार. चिंच, गूळ, कैरी, तिखट, मीठ घालून त्यांची पच्चडी होते. सुनेला त्यांनी सोबत बोलावलंय. कैरी बाई आणणार, शेंगा चटणी माझ्याकडे. हिरवी जाळी बांधायला बांबू अजून आणायचेत, ते पाडव्याच्या आधी झालेच पाहिजेत. उद्या पाणी यायची पाळी आहे, तेव्हा सकाळी लवकर उठून पिंपं घासून ठेवायची.