गाडी अ‍ॅडलेडला न्यायची की नाही

मागच्या शनिवारी गाडी चुलतभावाला दिली. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या आणि 13 वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत डाव्या सीटवर बसून मी घरी आले. सांगली-मिरज रस्त्यावर त्याने गिअर बदलला की माझा पाय आपोआप क्लच शोधायचा.

2012 ची आय-20. पांढरी, एमएच 10. पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेली. आप्पांनी शिकवलं ते याच गाडीवर, आणि लेकीला दवाखान्यातून घरी आणलं तेही याच गाडीतून. त्यामुळे नवऱ्याचं ऑस्ट्रेलियाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, आलं तेव्हा सामानाच्या यादीत मी पहिल्या ओळीत 'गाडी' लिहिलं होतं.

घरात कुणी हसलं नाही. उलट अ‍ॅडलेडला राहणारे दीर म्हणाले, "अगं, इथंही स्टेअरिंग उजवीकडेच. आणि आय-20 तर इथं रस्त्यावर दिसते, तीही चेन्नईहून आलेली." हे खरंच आहे. चेन्नईजवळच्या कारखान्यात बनलेल्या आय-20 काही वर्षं ऑस्ट्रेलियात विकल्या जात होत्या. न्यू जर्सीच्या मावसभावाला असला विचारही करता आला नसता. अमेरिकेत 25 वर्षांपेक्षा नवी गाडी तिथल्या मानकांप्रमाणे बनवलेली नसेल तर साधारणपणे आतच घेत नाहीत. आपल्याला मात्र रस्ता मोकळा आहे असं वाटून मला हुरूप आला.

मग मी सगळे जी चूक करतात तीच केली. आधी भाडं विचारलं. एजंटाने न्हावा शेवा ते पोर्ट अ‍ॅडलेड, 20 फुटी कंटेनर, गाडी आत बांधून देण्यासकट 2 लाख 80 हजार सांगितले. कंटेनर आतून 5.9 मीटर, गाडी जेमतेम 4 मीटर, म्हणजे पुढे भांड्यांची खोकीही बसतील असा मी हिशोब मांडला. टाकीत नावापुरतं पेट्रोल ठेवायचं, बॅटरीची वायर काढायची, चाकांना ठोकळे लावायचे, हेही वहीत उतरवलं. गाडीला इथे 2 लाख 10 हजारांचं गिऱ्हाईक होतं. तिथे त्याच सालची आय-20 दिरांनी 6,000 डॉलरला पाहिली होती, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आसपास. इथली विकून तिथे घ्यायला वर लाख-सव्वा लाख लागले असते, न्यायला 2 लाख 80 हजार. शिवाय तिथे 10 टक्के जीएसटी, आणि तो नुसत्या गाडीच्या किमतीवर नाही, जहाजाचं भाडं आणि विमा धरून. तरीही मी नेणारच होते. आपल्या हातातली गाडी परक्या देशात सोबत असावी, याची किंमत माझ्यासाठी तेवढी होती.

पण आधी विचारायला हवं होतं ते परवानगीचं. ऑस्ट्रेलियात गाडी जहाजावर चढवण्याआधी सरकारची आयात-मंजुरी हातात लागते. मंजुरीशिवाय गाडी बंदरात पोचली तर ती परत पाठवावी लागू शकते, नाहीतर भंगारात जाते. स्थलांतर करणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. परदेशात राहत असताना गाडी किमान 12 महिने तुमच्या नावावर आणि तुमच्या वापरात हवी. माझी तर 13 वर्षं होती. हा कागद माझ्याकडे पक्का होता.

अडलं ते अ‍ॅस्बेस्टॉसवर, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या पण फुफ्फुसांना घातक अशा खनिज तंतूंवर. 31 डिसेंबर 2003 पासून तिथे अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, गाडीच्या सुट्या भागांतसुद्धा. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, गॅस्केट, कशातही ते चालत नाही, आणि नाही हे दाखवण्याची जबाबदारी आणणाऱ्याची. आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही. मी मिरजेच्या मिस्त्रींकडे गेले. तेरा वर्षं त्यांनीच गाडी सांभाळली. त्यांनी हात पुसले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "कंपनीचा माल असता तर सांगितलं असतं, ताई. क्लच प्लेट मार्केटची बसवलीय, मागचे लायनर दोनदा बदलले. त्यात काय हाय ते मी कसं लिहून देऊ?" त्या माणसाने खोटं लिहून दिलं नाही, याचा मला मनापासून आदर वाटला. तपासायचं म्हणजे भाग काढून त्याचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवायचे. ते गाडी इथे असतानाच करावं लागणार होतं.

दुसरी गोष्ट लेकीची. ती पाच वर्षांची. तिथे सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत मुलांचीच सीट लागते, आणि पट्ट्यांच्या सीटला वरून एक पट्टा येतो, तो गाडीतल्या लोखंडी कडीला अडकवतात. मी रात्री मोबाइलचा टॉर्च घेऊन मागच्या सीटच्या पाठीमागे हात घालून चाचपलं. पत्रा, कापड, एक हरवलेलं क्लिप. कडी नव्हती. एअरबॅगही आमच्या मॉडेलमध्ये नव्हती. तोवर मी हे कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या रात्री घेतलं.

तरी मी डिकी साफ करायला घेतली, कारण तिथले क्वारंटाइनवाले माती आणि बिया यांच्याबाबत अतिशय कडक असतात. धान्यातल्या खापरा भुंगेऱ्याची तर त्यांनी धास्तीच घेतली आहे, आणि ती कीड मूळची आपल्याच भागातली. स्टेपनी काढली. खालच्या खळग्यात बोटभर काळी माती, भुईमुगाची टरफलं आणि शाळूचे दाणे. दरवर्षी तासगावाकडच्या आमच्या मळ्यातून नव्या ज्वारीचं पोतं याच डिकीतून घरी यायचं. पोतं उचलताना शिवणीतून सांडलेले दाणे तेरा वर्षं तिथे साठले होते. काही दाण्यांना पीठ लागलेलं, आतून पोखरलेले. एक दाणा पावसाच्या पाण्यात फुगून कोंब काढून तसाच वाळला होता.

मी ब्रश हातात घेऊन पायरीवर बसले. हे सगळं खरवडून, वाफेने धुऊन, क्लच खोलून, सीटमागे भोकं पाडून कडी बसवून जी गाडी पोर्ट अ‍ॅडलेडला उतरेल तिला दुरुस्त करायला तिथे आमचे मिस्त्री नसणार, आणि ती मळ्याच्या वाटेला कधी लागणार नाही. नवऱ्याला मी आत जाऊन एवढंच सांगितलं, "नको नेऊया."

चुलतभावाला पैसे दोन टप्प्यांत द्यायला सांगितले. विम्याचं नाव लगेच बदलून घे, 14 दिवसांच्या आत, हे त्याला तीनदा बजावलं. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. त्यामुळे माझ्या 50 टक्क्यांचं पत्र विमा कंपनीकडून मागून घेतलं, तिथे गाडी घेताना दाखवून पाहीन. फास्टॅगही बंद केला. तो बरेच जण विसरतात आणि मग दुसऱ्याचा टोल आपल्या खात्यातून जात राहतो.

डिकीतली ज्वारी मी काढली नाही.

काल रात्री त्याचा फोन आला. "ताई, एसी लावला की कुईं कुईं वाजतंय बघ." मी म्हणाले, बेल्ट आहे, दर उन्हाळ्यात वाजतो, मिस्त्रींना सांग ताईंची गाडी आहे. मग तो म्हणाला की मागचं डावं दार बाहेरून उघडत नाही. ते आतून ढकलून उघडायचं, हँडल थोडं वर उचलून. हे सांगताना माझा उजवा हात हवेत ते हँडल उचलत होता.