हरिश्चंद्रगड, भर पावसात: नवी शेगडी आणि गॅसचा हिशेब

घोटी-राजूरमार्गे पाचनई, तिथून अडीच-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर. कड्याखालून आडवं जाताना धबधबे थेट सॅकवर कोसळतात. शेगडी आणि काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, पिशवीचा काही उपयोग होत नाही.

गॅसच्या कॅनच्या डोक्यावर बसणारी जुनी शेगडी या फेरीआधीच बाद केली. जोडातली रबरी रिंग चपटी झाली होती, वाकवली की बारीक चिरा दिसायच्या. साबणाचा फेस लावला की बुडबुडे यायचे. नुसती रिंग असती तर बदलता आली असती, पण आटेही झिजले होते आणि कॅन तिरका बसत होता. अशी शेगडी सरळ भंगारात घालावी.

नवी घेताना थंडीसाठीचा महागडा प्रोपेनमिश्रित गॅस गळ्यात मारतात. सह्याद्रीच्या पावसाळ्यात तो नको. ब्युटेन रुसतो शून्याच्या आसपास, इथे तेवढी थंडी पडतच नाही. इथे छळतो तो वारा. म्हणून नळीची, तीन पायांची, बुटकी शेगडी घ्या. कॅन दूर राहतो, त्यामुळे बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा बिनधास्त लावता येतो. डोक्यावरच्या शेगडीला असा चहूबाजूंनी आडोसा केला की कॅन तापतो, आणि ते जिवावरचं काम आहे. कॅन हाताला गरम लागला की गॅस बंद.

खटक्याच्या ठिणगीवर विसंबू नका, दमट हवेत ती दगा देते. लायटरचं चाक ओलं झालं तरी तेच. एक लायटर अंगाशी, कोरड्या खिशात.

आडोशाला लिटरभर पाणी उकळायला साधारण 15 ग्रॅम गॅस लागतो. चौघांची खिचडी, दोनदा चहा आणि सकाळचे पोहे 230 ग्रॅमच्या एका कॅनमध्ये आरामात होतात. गडाची उंची 1,424 मीटर, पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ शिजता शिजत नाही. मूगडाळ घ्या, पोचल्याबरोबर भिजत घाला आणि पातेल्यावर झाकण ठेवा.

शेगडी गुहेच्या तोंडाशीच पेटवा. आत किंवा तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो. कोकणकड्यावर चहाचा हट्ट नको, वारा खालून वर येतो आणि आडोसाच उडवतो.

गॅसचा कॅन रेल्वेत न्यायला बंदी आहे, त्यामुळे कसाऱ्यापर्यंत लोकलचा बेत असेल तर शेगडी घरीच ठेवा. गडावर पिठलं-भाकरी मिळते.