तुम्ही विचारलंत म्हणून: उंची तर आदल्या दिवशीही होती

संध्याकाळची बॅच सुटली की मुलांना न्यायला आलेल्या पालकांपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. मोबाइलवर एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगची, एखादी क्लिप पाहिलेली असते. ‘सर, आफ्रिकेतली पोरं मुळातच उंच आणि काटक. त्यांना घडवायला वेगळं कोण कशाला लागतं?’ कोर्टावरचे दिवे बंद करता करता मी दोन वाक्यांत काहीतरी सांगतो, आणि घरी जाताना वाटतं, हे नीट सांगायला हवं होतं. म्हणून आज बैजवार लिहितो.

जोएल एम्बीड हा कॅमेरूनमधल्या याउंदेचा मुलगा. उंची सात फूट. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याने बास्केटबॉल मनावर घेतलाच नव्हता, त्याला व्हॉलीबॉलपटू व्हायचं होतं. त्याच्याच देशातून एनबीएत गेलेल्या लुक म्बाह अ मूटे या खेळाडूने 2011 मध्ये मायदेशी शिबिर घेतलं आणि तिथे हा मुलगा नजरेत भरला. 2023 मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता मला सांगा, उंची तर शिबिराच्या आदल्या दिवशीही होती ना? नव्हतं ते शिबिर.

मसाई उजिरीचं नाव मी सारखं घेतो ते याचसाठी. वडील नायजेरियन, आई केनियाची, बालपण उत्तर नायजेरियातल्या झारियात. आधी फुटबॉल, मग बास्केटबॉल. युरोपातल्या क्लबांकडून खेळला, पण खेळाडू म्हणून एनबीएपर्यंत पोहोचला नाही. 2002 मध्ये त्याने ऑरलँडो मॅजिकसाठी खेळाडू हेरण्याचं काम धरलं, तेही बिनपगारी. प्रवासाचा खर्चही स्वतःच्या खिशातून. आणि 2003 मध्ये, म्हणजे स्वतःचं बस्तान बसायच्या कितीतरी आधी, त्याने ‘जायंट्स ऑफ आफ्रिका’ ही संस्था उभी करून मुलांची शिबिरं सुरू केली. डेन्व्हर नगेट्स या एनबीए संघाचा कारभार हातात आला तो 2010 मध्ये. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये त्या खुर्चीवर बसलेला तो पहिला आफ्रिकन. आधी मोठा झाला आणि मग गावाची आठवण आली, असं त्याचं नाही. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पास्कल सियाकमची गोष्ट तर मी मुलांना दरवर्षी सांगतो. कॅमेरूनमधल्या दुआलाचा हा मुलगा, घरातलं शेंडेफळ. एका तरी मुलाने धर्मगुरू व्हावं ही वडिलांची इच्छा, म्हणून अकराव्या वर्षी त्याला बाफियाच्या सेमिनरीत ठेवलं. तिन्ही मोठे भाऊ अमेरिकेत कॉलेजकडून बास्केटबॉल खेळले, हा मात्र सेमिनरीत. तोही म्बाह अ मूटेच्या शिबिरात आला, तिथून 2012 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ शिबिराला गेला आणि पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात. 2014 मध्ये वडील अपघातात गेले. घरी गेला तर व्हिसामुळे परत येता येईल की नाही, ही धास्ती. अंत्यसंस्काराला तो जाऊ शकला नाही. जिथे जायला मिळालं त्याची एवढी किंमत त्या वयात मोजावी लागली, हे सांगताना दरवेळी माझा आवाज बसतो.

उजिरी तोवर कॅनडातल्या टोरोंटो रॅप्टर्सचा कारभार पाहू लागला होता. 2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, रॅप्टर्सने सियाकमला सत्ताविसावा निवडला. पहिल्याच वर्षी त्याला क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघात, रॅप्टर्स 905 मध्ये, खेळायला पाठवलं. बाकावर बसून टाळ्या वाजवण्यापेक्षा तिथे मिनिटं मिळाली. तो संघ 2017 मध्ये जिंकला आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू सियाकम ठरला. घडवणं म्हणतात ते हे. पुढे 30 मे 2019 ला, एनबीएच्या अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात, त्याने 17 पैकी 14 फटके टोपलीत घातले. 32 गुण. त्याची ती गिरकी माझी मुलं फोनवर संथ गतीने बघतात: बचाव करणाऱ्याला खांदा लावायचा, पाय रोवायचा, पाठ फिरवायची आणि चेंडू बोर्डवर हळूच ठेवायचा.

त्या वर्षी टोरोंटोने गोल्डन स्टेट वॉरियर्सला 4-2 हरवून विजेतेपद मिळवलं. अमेरिकेबाहेरचा असा हा पहिलाच संघ. पण त्याआधी, 2018 मध्ये, उजिरीने डेमार डेरोझनला, शहराच्या गळ्यातल्या ताईताला, दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात कवाय लेनर्ड या खेळाडूला आणलं होतं. प्रशिक्षक ड्वेन केसींना काढलं, तेही त्या मोसमाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले असताना. जानेवारी 2024 मध्ये सियाकमलाही इंडियाना पेसर्स संघाला दिलं. हा शेवटचा निर्णय मला आजही खुपतो. तरी एवढं खरं, की सियाकमचं त्यावाचून अडलं नाही. 2025 मध्ये तो इंडियानाला अंतिम मालिकेत घेऊन गेला. कोणा एकाच्या आधाराशिवाय उभा राहील, इतका तो तयार झाला होता.

आणि उजिरीच्या ‘जायंट्स ऑफ आफ्रिका’ची शिबिरं चालूच राहिली. मुलांची आणि मुलींचीही. आफ्रिकेत शंभर कोर्ट बांधायचा संकल्प संस्थेने केला आहे. आम्ही पावसाळ्यात फडकी पिळून सिमेंटचं कोर्ट कोरडं करणारी माणसं, आम्हाला शंभर कोर्ट म्हणजे काय ते कळतं.

परवा हाच प्रश्न विचारणाऱ्या एका बाबांच्या मागे त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा उभा होता, वडिलांपेक्षा टीचभर उंच, पायात स्लिपर. त्यांना तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. साडेपाचला पाठवा त्याला. बूट नसले तरी चालेल. मोठ्या मुलांना लहान झालेले जोड आम्ही स्टोअररूममध्ये धुऊन ठेवतो, नऊ नंबरचे दोन आहेत.