पाटावरची हजेरी

‘कोमुनिदाद ना? ती तर आम्हीच दिली तुम्हाला.’

ऐंशीच्या घरातल्या एका पोर्तुगीज आजोबांनी हे मला, गोव्याच्या माणसाला, ऐकवलं, तेही त्यांच्याच गावचा पाट उपसून माझी कंबर धरलेली असताना. कोमुनिदाद म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणारी गोव्यातली जुनी व्यवस्था. आजोबा प्रेमानंच बोलत होते. समोर भाकरीएवढा पावाचा तुकडा, वाईनचा जग आणि डुकराच्या मांसाचे धुरी दिलेले काप. वार शनिवार, माझा शिवराकाचा, म्हणजे शाकाहाराचा. पण तो विषय मी काढला नाही. कोमुनिदादीचा मात्र काढला.

गाव बारोझु भागातलं. पोर्तुगालच्या उत्तर टोकाला, मोंतालेग्रे आणि बोतिकश या दोन तालुक्यांचा हा डोंगराळ मुलूख. ‘नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक’ अशी या बाजूची म्हण. राय नावाचं धान्य, बटाटा आणि लांब शिंगांच्या तांबूस गाईंसाठी गवताची कुरणं, एवढ्यावर इथली शेती. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं या शेतीपद्धतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. माझ्या पोर्तुगालातल्या ऑफिसातला एक सहकारी मूळचा तिथला. आपण चवथीला घरी जातो तसा तो दर वसंतात पाट साफ करायला गावी जातो. यंदा मला घेऊन गेला.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कुरणांपर्यंत आणणाऱ्या पाटाला तिथं लेवादा म्हणतात. हिवाळ्यात तो पानं, माती, घसरलेले दगड यांनी भरतो. सकाळी देवळापाशी सगळे जमले, बहुतेक साठीच्या पुढचे. एक बाई वही घेऊन उभी. हजेरी माणसाची नाही, घराची. घराचं नाव पुकारलं की त्या घरातल्या कुणीतरी ‘आहे’ म्हणायचं. एका घरची बाई नवरा गेल्यावर गुडघ्यांनी बसलेली. तिचं नाव आल्यावर शेजारचा म्हणाला, ‘तिचंही मीच.’ वहीत खूण झाली आणि पुढचं नाव. कुणी मान हलवली नाही, कौतुक नाही, आभार नाहीत. जे घर येत नाही आणि बदली माणूसही देत नाही, त्यानं दिवसाची मजुरी भरायची.

मग दुपारपर्यंत कुदळ-फावडी. पाटाला जागोजाग तोंडं, आणि ती बंद करायला दार-बीर काही नाही. मुळांसकट उचललेलं गवताचं ढेकूळ बसवायचं, वर पायानं दाबायचं, बाजूला एक दगड. ढेकूळ कुठल्या बाजूनं बसवायचं ते मला एका आजीनं हाताला धरून दाखवलं: मुळं पाण्याकडे. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या लागतात, कुणाला किती तास ते ठरलेलं. भांडणं होतात का विचारलं तर सगळे हसले. म्हणजे होतात.

आता आजोबांच्या त्या वाक्याकडे. मंडळी, माझं पोर्तुगीज कामचलाऊ आहे, तरी मी त्या आजोबांना सोडलं नाही. पोर्तुगीज अधिकारी अफोंसु मेशियानं १५२६ साली गोव्यातल्या गावांसाठी जो फोराल, म्हणजे सनद, लिहिला, त्यात नवं काही दिलेलं नाही. गावकऱ्यांचे आधीपासून चालत आलेले रिवाज आणि देणी लिहून काढली आहेत. त्याच फोरालात त्यानं नोंदवलंय की फार पूर्वी चार माणसं ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढवली आणि त्यांनाच गावकार म्हणू लागले. म्हणजे पोर्तुगीज गोव्यात आल्यावर अवघ्या सोळा वर्षांत त्यांचाच अधिकारी लिहितो की हे सगळं आमच्या आधीचं आहे! गावकरीला कोमुनिदाद हे नाव तुमचं, कागद तुमचे, पुढे कायद्याची जाडजूड पुस्तकंही तुमची. पण खाऱ्या पाण्यातून शेत बाहेर काढायची विद्या आमची. तुमच्या राज्यात कुठल्या फिदाल्गूनं, म्हणजे सरदारानं, चिखलात उभं राहून बांध घातला, ते सांगा. (हे शेवटचं मी मनात म्हटलं. फुकटचं जेवण चाललं होतं.)

आजोबा शांतपणे म्हणाले, ‘अरे, आमच्याकडूनही काढूनच घेतलं होतं.’ मग त्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. गावाच्या सामाईक डोंगराला इथं बाल्दियु म्हणतात. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत, १९३८च्या वनीकरण योजनेपासून, सरकारनं हे डोंगर ताब्यात घेऊन पाइनची झाडं लावली आणि मेंढ्या हाकलल्या. १९७४च्या क्रांतीनंतर, जानेवारी १९७६मध्ये कायदा करून ते गावांना परत दिले. काही गावं मात्र परत मिळायला उरलीच नाहीत. जवळच्याच जेरेशच्या डोंगरात विलारिन्यु दा फुर्ना नावाचं असंच सामाईक कारभाराचं गाव धरणाखाली गेलं; पाणी उतरलं की घरांच्या भिंती दिसतात. गोव्यात धरणाखाली गेलेल्या आपल्या कुर्डी गावासारखंच, म्हणून मी फार काही बोललो नाही.

१९७६ हा आकडा मात्र डोक्यात राहिला. त्याच वर्षी आपल्याकडे गोव्यात मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या सरकारनं कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती केली आणि ‘कसेल त्याची जमीन’ झाली. माझं आजोळ जुवारी नदीच्या काठी, आणि आम्ही कुळं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पायरीखाली उभे राहणारे माझे आजोबा त्या कायद्यानं मालक झाले, तेव्हा त्याविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. कोमुनिदाद म्हणजे सुवर्णकाळ असं गाणाऱ्यांनी तिथं जोण, म्हणजे नफ्यातला वाटा, कुणाला मिळायचा आणि चिखल कुणी तुडवायचा, तेही सांगावं.

पण खाजनाचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यातून काढलेल्या खाडीकाठच्या शेताचं, गणित वेगळं आहे. शेताचे तुकडे माणसागणिक वाटता येतात, बांध येत नाही. कोमुनिदादीकडे तेव्हा बांधाचा खर्च होता आणि हुकूमही होता. नंतर तो कुळांच्या संघटनांकडे आला, आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, मासळीचा लिलावही त्यांच्याकडेच. ओहोटीला मानशीची लाकडी दारं पाण्याच्या रेट्यानं उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. शेतातलं पाणी बाहेर जातं, खाडीचं आत येत नाही. लिलाव घेणाऱ्याला मात्र खाडीचं पाणी आत हवं असतं, कारण त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात. भात पिकवणारे कमी झाले की दार कुणाच्या सोयीनं उघडायचं, यावर वाद घालायलाही कुणी उरत नाही. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांधाला भोकं पाडली तर ती बघत फिरणारा माणूस लागतो. आमच्याकडे मामा फिरतो. एकटाच.

बारोझुच्या लोकांचं मला कौतुक आहे, पण थोडं आवरतं. त्यांचा पाट एक वर्ष उपसला नाही तर गवत कमी येईल. आपला बांध एका अमावास्येच्या भरतीला फुटला तर शेतात मीठ बसतं, आणि ते धुऊन जायला पुढचे पावसाळे जातात. त्यांच्याकडे चूक माफ आहे. शिवाय त्यांच्या डोक्यावर युरोपचं अनुदान आहे, वारशाचा शिक्का आहे, शनिवार-रविवार गावी येणारी मुलं आहेत, जी पोर्तूहून गाडीनं येतात. माझ्यासारख्याला गोव्याच्या दाबोळी विमानतळाचं तिकीट काढावं लागतं. तरी बोतिकशकडच्या एका बाल्दियुच्या लोकांचं लिथियमच्या खाणीशी भांडण चालू आहे म्हणून मला मोठ्या गंभीरपणे सांगत होते, तेव्हा गोव्यातल्या डिचोली-सांग्याच्या शेतांत खाणीची माती कशी उतरली ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. या एका विषयात मी तिथं अनुभवी होतो.

परत येताना गाडीतूनच मामाला फोन लावला. पाट, वही, सगळं सांगितलं. मामा म्हणाला, ‘आमच्याकडे वही आहे रे, नावंही आहेत. तुझंही आहे, आईच्या जागी.’ यंदा मानशीच्या वरच्या बाजूला बांध खचलाय. संघटनेच्या बैठकीला चार म्हातारे आणि एक पंच आला. कामाला गावातलं कुणी मिळत नाही, झारखंडची माणसं आणायची तर कंत्राटदार दिवसाचा हिशेब लावतो. मी म्हटलं, आमच्या घराची मजुरी मी भरतो, इथंही तोच नियम आहे.

‘तिथं बदली माणूसही चालतो म्हणालास ना?’ मामानं विचारलं. ‘मग माणूस पाठव.’

मी पैसेच पाठवले, आणि घराच्या मजुरीपेक्षा बरेच जास्त. मी तिथं असतो तरी एका फावड्यानं तो बांध उभा राहिला नसता, हे मामालाही कळतं. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम लागते, ती निदान मे संपायच्या आत त्याच्या हातात पडली.